प्राणैषणा आधी, धनैषणा नंतर – पण किती नंतर?

आपल्या बहुतेक चिकित्सालयांत आणि औषधी दुकानांत भिंतीवर एक दिनदर्शिका टांगलेली असते. तिच्या शिरोभागी धन्वंतरीचे चित्र असते आणि चित्राखाली 'आरोग्यं धनसंपदा' असे ठळक अक्षरांत छापलेले असते. रुग्ण ते वाचतो, आपणही वाचतो आणि आरोग्य हेच खरे धन, असा त्याचा अर्थ दोघेही गृहीत धरतो. वास्तविक हे शब्द दिवेलागणीला घरोघरी म्हटल्या जाणाऱ्या प्रार्थनेतून आले आहेत आणि तेथे त्यांचा अर्थ तसा नाही. दिव्यामुळे ज्या गोष्टी लाभतात त्यांत आरोग्य ही एक आणि धनसंपदा ही दुसरी, अशी ती सरळ गणना आहे. सांजवात लावणाऱ्या आजीने दोन्ही गोष्टी स्वतंत्रपणे मागितल्या होत्या. छापखान्याने त्यांचे समीकरण केले.

हा भेद किरकोळ वाटण्याचा संभव आहे. परंतु गेली अठ्ठावीस वर्षे सातारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी व्यवसाय करताना प्रस्तुत लेखकाच्या जे अनुभवास आले, त्यावरून हा भेद विसरल्यानेच आपल्या हातून काही चुका घडतात असे वाटू लागले आहे. 'पैशापेक्षा आरोग्य महत्त्वाचे' हे वाक्य आपण रुग्णास इतक्या सहजतेने ऐकवतो की, त्याच्या खिशात किती आहे हे विचारण्याची आपणास आवश्यकताच भासत नाही. म्हणून या प्रश्नाकडे सुभाषित म्हणून न पाहता शास्त्राचा आणि व्यवहाराचा प्रश्न म्हणून पाहण्याचा हा प्रयत्न आहे.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील अकराव्या, म्हणजे तिस्रैषणीय अध्यायाची आठवण येथे प्रथम होते. प्राणैषणा, धनैषणा आणि परलोकैषणा या तीन एषणा आचार्यांनी सांगितल्या आणि त्यांचा क्रमही निश्चित केला. प्राण गेले की सर्वच गेले, म्हणून प्राणैषणा प्रथम. स्वस्थाने स्वस्थवृत्ताचे पालन करावे, रुग्णाने विकारप्रशमनात हयगय करू नये, हा तिचा मार्ग. येथपर्यंत आपण सर्वजण विद्यार्थ्यांना शिकवतो आणि व्याख्यानांत सांगतो. मात्र त्यापुढील विवेचन आपण भरभर उलटतो. प्राणांच्या पाठोपाठ धनाचाच शोध घ्यावा, कारण साधनांवाचून दीर्घकाळ जगत राहणे याहून मोठे पाप नाही, असे आचार्य सांगतात. 'पाप' हा शब्द त्यांचा आहे. दारिद्र्याला दुःख म्हणणारे पुष्कळ भेटतात, दीर्घायुष्य आणि साधनहीनता यांच्या संयोगाला पाप म्हणणारा वैद्यकग्रंथ विरळा. मग कृषी, पशुपालन, वाणिज्य, राजसेवा इत्यादी उपजीविकेची साधनेही ते सांगतात. वैद्यकाच्या ग्रंथात शेती आणि व्यापार यांचा उपदेश कशासाठी, अशी शंका माझ्या विद्यार्थिदशेत मला आली होती. तिचे उत्तर मला पुढे एका शेळीने दिले. ती हकीकत पुढे येईलच.

क्रम निश्चित आहे, याविषयी वाद नाही. परंतु पहिल्या आणि दुसऱ्या एषणेत अंतर किती, हा खरा प्रश्न आहे आणि चरकाच्या मांडणीत ते अंतर फार थोडे आहे.

याच संदर्भात चिकित्सेच्या चतुष्पादांकडे पाहावे. खुड्डाकचतुष्पाद अध्यायात चरकाने रोगी या पादाचे चार गुण सांगितले : स्मृती, निर्देशकारित्व, अभीरुत्व आणि ज्ञापकत्व. यात धनाचा उल्लेख नाही. सुश्रुतसंहितेत युक्तसेनीय अध्यायात रोग्याची लक्षणे येतात तेव्हा त्यांत 'द्रव्यवान' हे पद आढळते. वाग्भटाने तर अष्टांगहृदयाच्या पहिल्याच अध्यायात रोग्याचा पहिला गुण 'आढ्य' असा दिला आहे. आढ्य म्हणजे संपन्न. याचा अर्थ वाग्भट धनलोलुप होता असा लावणे अन्यायाचे होईल. चिकित्सा शेवटास नेण्यास रुग्णाजवळ साधने लागतात, ही वस्तुस्थिती त्याने लिहून ठेवली एवढेच. तथापि चरकाने हा गुण का वगळला असावा, याचा विचार करताना मला त्याच सूत्रस्थानातील पंधरावा, उपकल्पनीय अध्याय आठवतो. वमन-विरेचनाच्या पूर्वतयारीचे तेथील वर्णन आपण जाणतोच. ते प्रशस्त गृह, ती भांडी, ते कुशल परिचारक, सारा थाट राजाला किंवा धनिकालाच परवडणारा. आणि एवढे सांगून झाल्यावर आचार्य थांबतात व म्हणतात की, दरिद्री मनुष्यावर प्रसंग आला आणि शोधनाची वेळ येऊन ठेपली, तर त्याने दुर्लभ सामग्री गोळा करीत न बसता औषध घ्यावे. सर्व माणसांजवळ सर्व साधने नसतात, पण म्हणून दारुण रोग दरिद्र्याला सोडतात असेही नाही. आपल्या पंचकर्म केंद्रांच्या माहितीपत्रकांत पूर्वार्धातील थाट सचित्र असतो. उत्तरार्ध कोणी छापल्याचे माझ्या पाहण्यात नाही.

शेळीची हकीकत

सन २०१९ मधील गोष्ट. चाळिशीची एक शेतमजूर स्त्री राजयक्ष्म्याचे निदान होऊन सरकारी क्षयरोग कार्यक्रमातील औषधे घेत होती. ती औषधे विनामूल्य होती आणि तिने ती एकही दिवस चुकविली नव्हती. दोन महिन्यांत कास उणावला होता, थुंकीचा अहवालही चांगला आला होता, परंतु बल येईना. वजन छत्तीस किलो. नवरा तिला माझ्याकडे घेऊन आला. मी नाडी पाहिली, अग्नी पाहिला, धातुक्षय स्पष्ट दिसत होता. सरकारी औषधे चालूच ठेवण्यास बजावले आणि सोबत रसायन म्हणून सुवर्णमालिनी वसंत १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोन वेळा, मध व पिंपळीसह, अशी योजना लिहून दिली. शास्त्रदृष्ट्या या योजनेत काही चूक होती असे मला आजही वाटत नाही. खर्चाचा विषय निघाला तेव्हा मी दिनदर्शिकेवरचेच वाक्य ऐकवले. पैसा काय, आज नाही उद्या मिळेल, जीव महत्त्वाचा. नवऱ्याने मान डोलावली आणि शेजारच्या दुकानातून पुड्या घेऊन गेला.

तिसऱ्या महिन्यात वजन केले तेव्हा जेमतेम पाऊण किलो वाढलेले. मी जरा रागानेच आहाराची चौकशी आरंभिली. डाळ? क्वचित. अंडी? पोरांना. दूध घेता की नाही, असे विचारल्यावर ती बाई किंचित हसली आणि म्हणाली, "दूध देणारी तर तुमच्या पुडीत गेली, डॉक्टर."

घरी दोन शेळ्या होत्या. त्यांतील दुभती शेळी पिलासह आठ हजारांना विकून माझ्या औषधाचा खर्च भागविला गेला होता. नवरा घाईघाईने पुढे झाला. त्याला वाटले, मी रागावून औषध बंद करीन. "अजून एक हाय की डॉक्टर. तीबी काढतो. पण पुड्या बंद करू नका."

वाचकांपैकी प्रत्येकाने सुश्रुताचे उत्तरतंत्र अभ्यासलेले आहे. शोषप्रतिषेधात शेळीचे दूध, तूप, मांस, इतकेच नव्हे तर शेळ्यांच्या निवाऱ्यात राहणेदेखील शोषनाशक म्हणून सांगितले आहे. मी विद्यार्थ्यांना ते अनेकदा शिकविले होते. आणि त्या कुटुंबाने ते मूर्तिमंत औषध बाजारात नेऊन विकले, ते माझ्या लेखणीमुळे. तिच्या दृष्टीने आरोग्य आणि धन या दोन वस्तू नव्हत्याच. दाव्याला बांधलेल्या एकाच जनावरात दोन्ही होत्या. उपजीविकेच्या साधनांत आचार्यांनी पशुपालन का घातले, याविषयीची माझी जुनी शंका त्या दिवशी फिटली.

त्या वेळी शेजारच्या औषधी दुकानाचे मालक, ज्यांना गावात सारे 'अण्णा' म्हणतात, ते काही हिशेबासाठी आत आले होते. त्यांनी सारे ऐकले. सायंकाळी ते पुन्हा आले आणि टेबलावर चार हजार रुपये ठेवून म्हणाले, "उरलेले तुम्ही घाला, डॉक्टरसाहेब. नफा मी खाल्ला, पण कागद तुमचा होता." ते योग्यच बोलले. पुढच्या बाजारी एक दुभती शेळी त्या घरी गेली. मी सुवर्णकल्प थांबविला, सितोपलादी आणि लघुमालिनी वसंत यांवर आणले, दूध चांगले उकळून घेण्यास सांगितले आणि पोरांसोबत तिनेही अंडे खाल्ले पाहिजे हे नवऱ्याला दोनदा बजावले. सरकारकडून क्षयरुग्णाच्या खात्यावर पोषणासाठी तेव्हा दरमहा पाचशे रुपये जमा होत. निक्षय पोषण योजनेची ही रक्कम एप्रिल २०१८ पासून सुरू झाली आणि नोव्हेंबर २०२४ पासून ती एक हजार करण्यात आली. तिचे खाते आधारशी जोडलेले नसल्याने ते पैसेही अडकून पडले होते. ते काम माझ्या मदतनिसाने बँकेत जाऊन मार्गी लावले. उपचार पूर्ण झाले तेव्हा तिचे वजन त्रेचाळीस किलो होते. यातील किती श्रेय कोणाचे, याची वाटणी मी करू इच्छित नाही. मुख्य श्रेय सरकारी औषधांचे, हे उघडच आहे.

झारखंडमध्ये २०१९ ते २०२२ या काळात झालेल्या 'रेशन्स' या अभ्यासाचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले, तेव्हा मला ही बाई आठवली. फुप्फुसाचा क्षय झालेल्या रुग्णांच्या कुटुंबीयांना दरमहा तांदूळ, डाळ आणि सूक्ष्म पोषकद्रव्ये दिल्यावर त्या घरांतील नव्या क्षयरोगाचे प्रमाण सुमारे ३९ टक्क्यांनी कमी झाल्याचे त्यात आढळले. केवळ शिध्याने! आपल्या परंपरेला यात आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. लोलिंबराजांनी 'वैद्यजीवना'त पथ्य आणि औषध यांचे नाते फार मार्मिकपणे सांगितले आहे. परंतु पथ्य पाळण्यासही पैसे लागतात, हे त्या श्लोकाच्या भक्तांनी ध्यानात घ्यावे.

सोन्याचा हिशेब

औषधनिर्माते व दुकानदार बंधूंसाठी येथे थोडा व्यवहार मांडतो. सुवर्णमालिनी वसंतात सुवर्णभस्म एक भाग, मोती दोन, हिंगूळ तीन, मिरी चार आणि खर्पर, अर्थात आज व्यवहारात यशदभस्म, आठ भाग, असे एकूण अठरा भाग होतात. दररोज २५० मिलिग्रॅम या मानाने महिन्याला साडेसात ग्रॅम औषध लागते आणि त्यात सुमारे ०.४२ ग्रॅम सोने असते. २०१९ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला सरासरी ३५ हजार रुपयांच्या आसपास होता. म्हणजे महिन्याच्या औषधातील केवळ सोन्याचे मोल सुमारे साडेचौदाशे रुपये. २०२५ मध्ये हा भाव एक लाखाच्या पुढे गेला. आता तेवढ्याच पुड्यांतील सोने चार हजारांच्या वर जाते. मोती, मर्दनाची मजुरी, वेष्टन आणि उभयतांचा नफा हे सर्व वेगळे.

याचा एक परिणाम आपण सर्व जाणतो, पण उघड बोलत नाही. मूळ सुवर्णकल्प ज्या किमतीत बनूच शकत नाही अशा किमतीत तो बाजारात मिळतो. वरचा हिशेब कोणीही कागदावर करू शकतो, आणि ज्या पुडीची किंमत तिच्यातील सोन्यापेक्षाही कमी आहे त्या पुडीत काय असेल हे सांगण्यास प्रयोगशाळा लागत नाही. दुकानदार बंधूंनी असा माल दारातूनच परत पाठवावा. स्वस्तात दिल्याचे पुण्य त्यात नाही. रुग्णाची शेळीही जाते आणि सोनेही मिळत नाही.

वास्तविक शास्त्रकारांनी मार्ग ठेवलेला आहे. लघुमालिनी वसंतात सोने नाही, मोती नाहीत, हिंगूळही नाही. खर्पर दोन भाग, मिरी एक भाग, लोण्यासह मर्दन आणि लिंबाच्या रसाची भावना, इतकेच. त्याचे कार्य सुवर्णमालिनीच्या तोडीचे आहे असे मी म्हणणार नाही. परंतु सहा महिने सलग घेतलेला लघुकल्प हा तीन आठवडे घेऊन सोडलेल्या महाकल्पापेक्षा बरा, एवढे मी अनुभवाने सांगू शकतो. 'लघु' आणि 'बृहत्' अशा जोड्या आपल्या ग्रंथांत का आहेत याचे केवळ गुणधर्माच्या अंगाने स्पष्टीकरण दिले जाते. रुग्णाच्या कनवटीचाही विचार त्यामागे असावा असा माझा तर्क आहे. तर्कच, आधारवचन माझ्याजवळ नाही.

आरोग्यासाठी होणाऱ्या खर्चाचे ओझे देशपातळीवर काहीसे हलके होत आहे हे मान्य करावयास हवे. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांनुसार देशाच्या एकूण आरोग्यखर्चात लोकांनी थेट स्वतःच्या खिशातून केलेल्या खर्चाचा वाटा २०१३-१४ मध्ये ६४.२ टक्के होता, तो २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्क्यांवर आला. तथापि आपल्या दारी येणारा रुग्ण बहुधा रोखीनेच औषध घेतो, हे आपण गल्ल्यावरून जाणतो.

धनिकाचा मेह, निर्धनाचा मेह

आता दुसरी बाजू. धनाच्या अभावाने आरोग्य जाते तसे धनाच्या संगतीनेही जाते, आणि याचे उत्तम उदाहरण प्रमेहाचे. सुखाने बसून राहणे, सुखाने झोपणे, दही-दूध, नवे धान्य आणि गुळाचे पदार्थ यांचा अतिरेक, ही चरकाने दिलेली निदानपंचकातील हेतूंची यादी म्हणजे सुखवस्तू घराचे वर्णनच आहे. सुश्रुताने वाढलेल्या मेहाची चिकित्सा सांगताना तर रुग्णाच्या आर्थिक स्थितीनुसार दोन निराळे आदेश दिले आहेत. जो निर्धन आणि निराधार आहे त्याने पादत्राण व छत्र यांवाचून, भिक्षेवर निर्वाह करीत, एका गावी एकच रात्र मुक्काम ठेवून मुनीप्रमाणे संयमाने शंभर योजने किंवा अधिक चालावे. आणि जो महाधनवान आहे त्याने श्यामाक, नीवार यांसारखी तृणधान्ये आणि आवळा, कवठ यांसारखी फळे खाऊन मृगांसोबत राहावे. इतरांनी सतत शेत नांगरावे किंवा विहीर खणावी. कृश रुग्णाचे मात्र रक्षणच करावे.

पाहा, धनिकास सुश्रुताने कोणताही महाग योग सांगितला नाही. त्याला त्याच्या धनातून बाहेर काढले. संपत्ती जेथे हेतू आहे तेथे निदानपरिवर्जन म्हणजे संपत्तीच्या जीवनपद्धतीचे परिवर्जन, हे सूत्र इतक्या स्पष्टपणे क्वचितच कोठे आले असेल. (आजच्या मधुमेही रुग्णास अनवाणी चालण्याचा सल्ला मात्र कोणीही देऊ नये. करपादांची सुप्तता व दाह ही याच व्याधीची पूर्वरूपे आहेत. ज्या पायाला खडा टोचलेला कळत नाही, तो पाय अनवाणी चालविणे म्हणजे व्रणाला आमंत्रण होय. तसेच चालू असलेले इन्सुलिन वा गोळ्या परस्पर बंद करण्याचे धाडसही कोणी करू नये.)

तथापि धनिकांचा म्हणून ओळखला जाणारा हा मेह आता श्रीमंतांचा राहिलेला नाही. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या सर्वेक्षणाचे २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष देशात सुमारे १० कोटी १० लाख मधुमेही असल्याचे, म्हणजे ११.४ टक्के प्रमाण असल्याचे सांगतात. त्याच सर्वेक्षणाच्या २०१७ मधील अहवालात आर्थिकदृष्ट्या प्रगत राज्यांच्या शहरी भागांत हा विकार संपन्न वर्गापेक्षा अल्प उत्पन्नाच्या वर्गात अधिक आढळल्याची नोंद आहे. कारण उघड आहे. साखर, तळीव पदार्थ आणि मैदा स्वस्त झाले, भाजीपाला, फळे व डाळी महाग झाल्या. रिक्षाचालक, पहारेकरी, दुकानातील नोकर हे दिवसभर बसून किंवा एका जागी उभे राहून काम करतात. आस्यासुखातील 'सुख' गेले, आस्या तेवढी राहिली. अशा रुग्णास शंभर योजने चालण्यासाठी वेळ कोठून मिळणार? त्याचा दिवसाचा खाडा म्हणजे घरची चूल बंद. त्याला 'पैशाच्या मागे धावू नका' असे सांगणे क्रूरपणाचे आहे. मी हे सांगितले आहे, म्हणून लिहितो.

सदातुर कोण?

आतापर्यंत रुग्णाचा विचार झाला. या त्रैमासिकाचे वाचक म्हणून जे आपण, त्या आपला विचार चरकसंहितेच्या सिद्धिस्थानात, दृढबलाने पूर्ण केलेल्या भागात, अकराव्या अध्यायात आला आहे. नेहमी आजारी असणारे लोक कोण, असा प्रश्न तेथे उपस्थित होतो आणि उत्तरादाखल चार वर्ग सांगितले जातात : श्रोत्रिय, राजसेवक, वेश्या आणि पण्यजीवी. पण्यजीवी का? सदैव बसून राहिल्यामुळे आणि खरेदी-विक्रीच्या लोभामुळे. हे सारे लोक आलेले वेग दाबतात, वेळेवर जेवत नाहीत, अवेळी मलमूत्रविसर्जन करतात; आणि इतरही जे कोणी असे वागतील तेही सदातुरच, अशी पुस्ती आचार्य जोडतात. यात वैद्याचा उल्लेख नाही. परंतु सकाळी नऊ ते दुपारी दोन आणि सायंकाळी पाच ते रात्री दहा ओपीडी करणारा, रुग्णांची रांग पाहून लघवीस न उठणारा, तीन वाजता जेवणारा आपल्यापैकी कोणीही त्या 'इतर' या शब्दाबाहेर राहत नाही.

वर ज्या अण्णांचा उल्लेख आला ते या वचनाचे माझ्या डोळ्यांसमोरचे उदाहरण. बावीस वर्षे आमच्या दोघांत एक भिंत होती. सकाळी साडेआठला दुकान उघडावयाचे ते रात्री साडेदहाला बंद. दुपारचा डबा गल्ल्यामागे, गिऱ्हाईक आले की झाकण लावून उठावयाचे. स्टुलावरून उतरणे नको म्हणून पाणी कमी पिण्याची सवय. माझ्या चिठ्ठ्यांवर लिहिलेली प्रमेहाची औषधे त्यांनी हजारो लोकांना दिली. त्यांचे हात-पाय जळजळतात हे त्यांनी मला २०१७ मध्ये चालता चालता सांगितले होते आणि मीही चालता चालता 'एकदा साखर तपासून घ्या' असे म्हटले होते. त्यांनी तपासली नाही. मी पुन्हा विचारले नाही. बावीस वर्षांत मी त्यांची नाडी एकदाही पाहिली नव्हती. शेजाऱ्याला रुग्ण म्हणून कसे पाहणार, हा संकोच म्हणावा की माझ्याकडील रांग म्हणावी, मला ठरविता येत नाही.

२०२२ च्या पावसाळ्यात त्यांच्या डाव्या पायाच्या अंगठ्याला नवी चप्पल लागली. आठ दिवस त्यांनी जात्यादी तेल लावून मोजा घातला आणि दुकान चालविले, कारण सणाचे दिवस होते आणि माल भरलेला होता. नवव्या दिवशी ताप आला. शहरातील रुग्णालयात अंगठा आणि शेजारचे बोट काढावे लागले. सारा खर्च अडीच लाखांच्या वर गेला. विम्याचा हप्ता त्यांनी आदल्या वर्षी भरला नव्हता. तोही माल भरण्याच्याच घाईत. दुकानावर कर्ज निघाले.

रुग्णालयात मी भेटावयास गेलो तेव्हा त्यांनी सणाच्या आठ दिवसांतील विक्रीचा आकडा मला सांगितला. नफा अकरा हजार सहाशे. तो त्यांना तोंडपाठ होता. पुढे ते काही बोलले नाहीत आणि मलाही काही सुचले नाही.

येथे कोणी म्हणेल, पाहा, धनाच्या मागे लागल्याचे फळ. मी इतके सोपे मानत नाही. अण्णा लोभी नव्हते. शेळीसाठी चार हजार ठेवणारा मनुष्य तो. त्यांच्या दोन मुलींची शिक्षणे आणि वडिलांचे आजारपण त्या स्टुलावरूनच निघाले. त्यांनी प्राणैषणा आणि धनैषणा यांचा क्रम उलटा लावला असे म्हणण्यापेक्षा, धनैषणेच्या आड प्राणैषणेला दररोज 'उद्या' सांगितले, असे म्हणणे अधिक न्याय्य होईल. आणि ते 'उद्या' ऐकणारा वैद्य भिंतीपलीकडेच बसला होता.

वैद्याच्या धनैषणेविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. रसायनाध्यायाच्या चौथ्या पादात आचार्यांनी चिकित्सेला विक्रीचा माल करणाऱ्यांविषयी म्हटले आहे की, ते सोन्याची रास सोडून धुळीची रास कवटाळतात. हे वचन आपण समारंभांत ऐकवतो. पण त्याच ठिकाणी, उपचार घेऊन जो वैद्याची परतफेड करीत नाही त्याच्या ऋणाला निष्कृती नाही, असेही सांगितले आहे. ते मात्र संकोचाने कोणी ऐकवीत नाही. फी घेणे हा दोष नाही. माझ्या मते दोष तेथे होतो जेथे चिठ्ठी लिहिताना पुढच्या महिन्याचा विचार होत नाही.

सध्या मी केसपेपरावर एक ओळ वाढविली आहे. अग्नी, कोष्ठ, निद्रा यांच्या खाली 'महिन्याला औषधास किती जमेल' असा प्रश्न असतो. सुरुवातीस विचारताना जीभ अडखळत असे. रुग्णांना मात्र त्याचा राग आलेला दिसला नाही. उलट काहीजण खुर्ची पुढे ओढून बसतात आणि मग घरची हकीकत बाहेर येते, ज्यात निम्मे निदान असते. आकडा कमी असेल तर लघुकल्प, काढ्याची भरड आणि पथ्य यांवर भागवितो. भरड अण्णांच्याच दुकानात बनते आणि त्यात त्यांना फारसे सुटत नाही, हे ते महिन्यातून एकदा तरी ऐकवतात.

ते आता कापडी बूट घालून दुकानात येतात. साखर औषधांवर नियंत्रणात आहे. दर शनिवारी सकाळी दुकान उघडण्यापूर्वी ते माझ्याकडे येऊन पाय पुढे करतात, मी बोटांच्या बेचक्या आणि टाच पाहतो, मग आम्ही चहा घेतो, बिनसाखरेचा. दुपारी एक ते तीन दुकान बंद असते. पहिल्या महिन्यात या वेळेत आलेली गिऱ्हाइके शटर वाजवीत आणि नंतर समोरच्या नव्या दुकानात जात. अण्णांनी हिशेब ठेवला आहे. दिवसाला सरासरी साडेतीनशे रुपयांची विक्री त्यामुळे बुडते. हा आकडाही त्यांना तोंडपाठ आहे. शटरवर त्यांनी पाटी लावली आहे : 'मालक जेवत आहेत.'